मिसिसिपीकाठी स्थळ बघायला

नागपूरला परतल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, नायगारा बघितला का? बघितला हो. पाणी वरून खाली पडतं आणि आपण प्लॅस्टिकचा रेनकोट घालून भिजतो. पण त्याबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचंय ते मिझुरी राज्यातल्या एका लहानशा गावाबद्दल, जिथे मी फिरायला नाही, स्थळ बघायला गेले होते.

झालं असं की माझी धाकटी बहीण शैला असते अकोल्याला. मेहुणे जाऊन चार वर्षं झाली. एकुलती एक मुलगी ऋता पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज नावाच्या गावात शिकली आणि आता सेंट लुइसला नोकरी करते. तिनं उन्हाळ्यात आईला फोनवर सांगितलं की ल्यूक नावाच्या मुलाशी लग्न ठरवलंय. शैलानं फोन ठेवला. त्यानंतर दोन महिने मायलेकी बोलायच्या ते फक्त औषध घेतलंस का आणि थंडी आहे का, एवढंच.

मी तेव्हा अमेरिकेतच, श्रूजबरीला मुलाकडे सहा महिन्यांसाठी आले होते. एका सकाळी शैलाचा फोन. "ताई, तू तिकडे आहेसच. जाऊन ते घर बघून ये. मला गोड गोड सांगू नकोस. तू हो म्हणालीस तर मी लग्नाला येते. नाही म्हणालीस तर त्यांनी खुशाल करावं लग्न, मी आपली अकोल्यात बरी."

आता घ्या! पोरीच्या लग्नात आई उभी राहणार की नाही, हे माझ्या जिभेवर येऊन बसलं. मी एकवीस वर्षं मुख्याध्यापिका होते. मुलांची नखं, डबे, दप्तरं तपासण्यात जन्म गेला. पण कोणाच्या घराची अशी तपासणी करायची वेळ कधी आली नव्हती. आणि खरं सांगायचं तर मी मनातून नकार घेऊनच विमानात बसले. गोरा मुलगा, परका धर्म, आईवाचून वाढलेला. आजीनं वाढवलाय म्हणे, वडील मोठ्या बोटींवर कामाला, महिनोन्‌महिने घराबाहेर. यात बघायचं काय राहिलं?

पण मी एक युक्ती केली. ऋताला म्हटलं, "मी मावशी आहे. तुमचं केळवण मी करणार, आणि ते ल्यूकच्या आजीच्या घरी करणार." लग्नाआधी मुला-मुलीला नात्यातल्यांनी गोडाधोडाचं जेवू घालायचं, त्याला कोण नाही म्हणेल? माझा हिशोब साधा होता. घर बघायचं तर स्वयंपाकघर बघायचं, आणि स्वयंपाकघर बघायचं तर तिथे दोन-तीन तास उभं राहायचं. दिवाणखान्यात सोफ्यावर बसून कोणाचं काही कळत नाही.

आजीबाईंचा निरोप आला: आनंदानं या, फक्त भाजीपाला आमच्या गावच्या बाजारातला घ्या, बाहेरून पिशव्या भरून आणू नका. मी तूरडाळ, तांदूळ, तूप, हिंग आणि गोडा मसाला तेवढा सुटकेसमध्ये लपवला.

शनिवारचा बाजार

गावाचं नाव सेंट जेनेव्हिव्ह. सेंट लुइसपासून गाडीनं तासाभरावर, मिसिसिपी नदीच्या काठी. इंग्रज नव्हे तर फ्रेंच लोकांनी वसवलेलं. अमेरिका हा देश अजून जन्मायचा होता तेव्हापासून हे लोक इथे गहू पिकवत होते. आम्ही दोघं नवराबायको शुक्रवारी संध्याकाळी पोहोचलो, एका जुन्या घरात पाहुण्यांसाठी ठेवलेल्या खोलीत उतरलो आणि शनिवारी सकाळी नऊ वाजता ऋता आणि ल्यूक आम्हाला न्यायला आले.

ल्यूकला मी पहिल्यांदा बघत होते. उंच, किंचित वाकून चालणारा, कान मोठे. पुलांची तपासणी करायची नोकरी. म्हणजे तोही इन्स्पेक्टरच! "नमस्कार मावशी," असं म्हणून त्यानं वाकून नमस्कार केला. मी मनात म्हटलं, हे ऋतानं शिकवलंय, याचे मार्क नाहीत.

आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नदी दिसली की यांचं लग्नबिग्न सगळं मागे पडतं. "अगं, इथे पुराचा बांध कुठून सुरू होतो ते बघायचंय मला," म्हणून ते पहिल्या पाच मिनिटांत ल्यूकला घेऊन गाडीत बसले. आम्ही मावशी-भाची बाजारात गेलो.

बाजार कसला, पंधरा-वीस टेबलं आणि वर कापडी छत्र्या. पण ज्यानं पिकवलं तोच विकायला उभा. टोमॅटो असे की प्रत्येकाचा आकार वेगळा, मोठ्या दुकानात मिळतात तसे एका साच्यातून काढलेले नव्हेत. जांभळी वांगी, रताळी, मधाच्या बाटल्या, जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठाच्या कागदी पिशव्या. आणि भेंडी! एवढ्या लांब येऊन भेंडी भेटली की माहेरचं माणूस भेटल्यासारखं होतं.

माझा हात आपोआप पुढे गेला. एक भेंडी उचलली, टोक मोडलं, कट्‌कन आवाज आला, कोवळी. दुसरी उचलली, टोक मोडलं. तिसरी वाकली, मोडलीच नाही, बाजूला ठेवली. सहावीला ऋतानं माझं मनगट धरलं.

"मावशी! अगं काय करतेयस! इथे असं तोडत नाहीत."

"मग जून की कोवळी कळायचं कसं?"

टेबलामागे एक दाढीवाला धिप्पाड शेतकरी उभा होता. तो माझ्याकडे, मग टोकं मोडलेल्या भेंड्यांकडे बघत होता. ऋताचा चेहरा लाल. ती इंग्रजीत सॉरी सॉरी करायला लागली. मी तिला थांबवलं आणि मुख्याध्यापिकेच्या इंग्रजीत त्याला सांगितलं की बाबा रे, टोक तुटलं तर कोवळी, वाकलं तर जून, आमच्याकडे हे प्रत्येक बाई करते आणि भाजीवाला ओरडतो, हेही खरं. त्यानं शांतपणे एक लांबलचक भेंडी उचलली, टोक वाकवून बघितलं. वाकलं. दुसरी उचलली. तुटली. मग त्यानं तिथल्या तिथे सगळी टोपली निवडायला घेतली आणि माझ्यासाठी कोवळ्या भेंड्यांचा ढीग केला. "आई चाळीस वर्षं भेंडी लावत होती," तो म्हणाला, "तिनं हे कधी सांगितलं नाही."

त्याच्याचकडे एका खोक्यात हिरवट, काळे डाग पडलेली, आपल्या लहान आंब्याएवढी फळं होती. मला वाटलं सडलेली. नाव विचारलं तर पॉपॉ म्हणाला. हे इथल्या नदीकाठच्या रानात आपोआप येतं, वर्षातून दोन-तीन आठवडेच असतं, आणि इतकं नाजूक की दुकानापर्यंत जातच नाही. त्यानं एक कापून चमचा दिला. आत पिवळसर मऊ गर आणि काळ्या चपट्या बिया. मी तोंडात घातलं आणि तिथेच उभी राहिले. अहो, सीताफळ! थोडं केळ्याकडे झुकलेलं, पण सीताफळच. मिसिसिपीच्या काठी रानात सीताफळाचा भाऊबंद वाढतो आणि आपल्याला पत्ता नाही! केळवणाच्या गोडाचा प्रश्न जागीच सुटला. दूध आटवायचं, गार करायचं आणि त्यात हा गर.

शेंगदाणे मात्र कुठे नाहीत, आणि दाण्याच्या कुटाशिवाय भरली वांगी म्हणजे काय. शेवटी पिकन नावाचा सुका मेवा घेतला. अक्रोडाची मावसबहीण म्हणायला हरकत नाही, चवीला जरा गोडसर. कोथिंबीर, म्हणजे आमच्या नागपूरकडचा सांभार, एका आजोबांकडे फक्त दोन जुड्या होत्या. त्या दोन्ही मी घेतल्या. पुढच्या चौकात खाटकाचं जुनं दुकान होतं. धुराचा वास रस्त्यापर्यंत येत होता आणि सॉसेजसाठी लोकांची रांग लागली होती. मी पदर नाकाला लावून पलीकडून गेले. ऋता हसली नाही, चोरून माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिच्या मनात काय चाललं असेल ते मला कळलं. पण मी तिला बरं वाटावं म्हणून काही बोलले नाही. तपासणीला आलेल्यानं आधीच हसून चालत नाही.

कुडाची घरं

बारा वाजता बांधावरची जोडी परत आली. यांचे बूट चिखलानं भरलेले आणि चेहरा फुललेला. मूळ गाव म्हणे खाली अगदी नदीला लागून होतं. मग एक भयंकर पूर आला, सगळं बुडालं, आणि लोकांनी गावच उचलून वर आणलं. खालची जमीन मात्र सोडली नाही. लांब लांब पट्ट्यांची ती सामायिक शेतं आजही पिकतात. "बघ, शहाणी माणसं," हे म्हणाले. "घर वर, शेत खाली." ल्यूकनं यांचं आपल्याकडच्या धरणांबद्दलचं सगळं पुराण ऐकून घेतलं होतं, वर प्रश्नही विचारले होते. आमच्या मुलानं जन्मात कधी एवढं ऐकलेलं नाही. चला, दहापैकी चार.

मग आम्ही जुनी घरं बघितली. इथे मी खरी चकित झाले. आपण सिनेमात अमेरिकन लाकडी घर बघतो त्यात ओंडके आडवे एकावर एक रचलेले असतात. इथे ओंडके उभे! जमिनीत शेजारी शेजारी पुरलेले, आणि मधल्या फटींत माती आणि गवत कालवून भरलेलं, वरून चुन्याचा हात. चारी बाजूंनी रुंद पडवी, उतरतं छप्पर. "अहो, हे तर कुडाचं घर!" मी ओरडले. काटोलजवळ माझ्या मामांच्या शेतावर अशाच भिंती होत्या, फक्त तुऱ्हाट्यांच्या, म्हणजे तुरीच्या काड्यांच्या, आणि वरून शेणानं सारवलेल्या. असली जमिनीत पुरलेल्या ओंडक्यांची घरं साऱ्या अमेरिकेत आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत, त्यांतली काही ह्या गावात आहेत. माहिती सांगणाऱ्या बाईंना मी फोनमध्ये कुडाच्या घराचा फोटो शोधून दाखवला. त्या इतक्या हरखल्या की त्यांनी आम्हाला फळीखालची माती हात लावून बघू दिली.

मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, स्वयंपाकघर कुठे? त्या मागच्या अंगणात घेऊन गेल्या. आगीच्या भीतीनं चूल घराबाहेर असायची. तिथे त्यांचा आवाज जरा बदलला. श्रीमंत व्यापाऱ्याचं घर होतं, त्यामुळे इथे गुलाम म्हणून विकत घेतलेल्या काळ्या स्त्रिया रांधायच्या. जेवण झाकून अंगणातून मोठ्या घरात न्यायच्या.

"आणि त्या कुठे जेवायच्या?" मी विचारलं.

"त्याची नोंद कोणी ठेवली नाही," त्या म्हणाल्या. "इथेच, बहुतेक."

त्या काळवंडलेल्या चुलीपाशी आम्ही थोडा वेळ उभे राहिलो.

बाहेर चर्चच्या चौकात बाकावर बसून आम्ही सँडविच खाल्ली. इथे आता फ्रेंच कोणी बोलत नाही, पण वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी मंडळी वेषांतर करून घरोघर जातात आणि एक जुनं फ्रेंच गाणं म्हणतात. ल्यूकही लहानपणापासून जातो. मी म्हटलं, आमच्या विदर्भात पोरी भुलाबाईची गाणी म्हणत घरोघर हिंडायच्या आणि शेवटी खाऊ ओळखायच्या. "तुमच्या गाण्याचा अर्थ काय?"

"पूर्ण माहीत नाही," ल्यूक म्हणाला.

"अर्थ माहीत नाही आणि गाता?"

त्यानं अगदी साळसूदपणे विचारलं, "मावशी, पूजेतले सगळे मंत्र तुम्हाला कळतात?"

हे खो खो हसले. मी रागानं बघितलं आणि सँडविचचा मोठा घास घेतला. पोरगा बोलतो बरं. साडेपाच.

आजीबाईंचं स्वयंपाकघर

ल्यूकच्या आजीचं नाव रोझ. वय चौऱ्याऐंशी, चणीनं माझ्या निम्मी, गुडघे गेलेले, हातात काठी. पांढरं लाकडी घर, पुढे पडवी, मागे परसात टोमॅटोची झाडं. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि सरळ स्वयंपाकघरात नेऊन म्हणाल्या, "आजपुरतं हे तुमचं." मग टेबलावरची दोन पातेली आणि एक लोखंडी तवा दाखवला. "ह्यांत कधी मांस शिजलेलं नाही. ऋतानं सांगितलं होतं, म्हणून नवीन आणलीत."

मी आभार मानले आणि त्या बाहेर जाताच तपासणी सुरू केली. सिंकखालचा कोपरा कोरडा. तळघराच्या जिन्यात स्वतः भरलेल्या टोमॅटोच्या बरण्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. एक ड्रॉवर उघडला तर त्यात सुतळीचे तुकडे, रबरबँड, धुऊन घडी घातलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. अगदी माझ्या आईचा ड्रॉवर! मला हसू आलं आणि चोरी करताना पकडल्यासारखं वाटून मी तो लावून टाकला.

स्वयंपाकाला लागले. पिकनचा कूट, गोडा मसाला, गूळ नव्हता म्हणून मध, वांगी भरून मंद आचेवर ठेवली. भेंडी परतली, वरण-भात झाला, आटवलेलं दूध फ्रीजमध्ये गार झालं. पीठ मात्र जाडंभरडं, कणीक ताणली की फाटायची. चांगलं तेल लावून, मळून मळून वठणीवर आणली. जेवण संध्याकाळी पाच वाजता! आपल्याकडे त्या वेळी चहाचं आधण ठेवतात. पण तिकडे रिवाजच तसा.

केळवण म्हणजे ताटाभोवती रांगोळी हवी. मी टेबलावर ल्यूक आणि ऋताच्या ताटांभोवती मैद्याची वेलबुट्टी काढली आणि तवा बघायला आत गेले. परत येते तो रोझआजी ओल्या फडक्यानं सगळं स्वच्छ पुसून काढत होत्या! सांडलेलं पीठ पुसून मला मदत करत होत्या बिचाऱ्या. ऋतानं कपाळावर हात मारला. समजल्यावर त्यांना इतकं वाईट वाटलं की त्यांनीच बोटानं पुन्हा वेल काढायचा प्रयत्न केला. ती गोगलगाईसारखी झाली. तशीच राहू दिली.

सगळ्यांना बसवलं. ताटं वाढली, डावीकडे लिंबू-मीठ, उजवीकडे भाज्या, मधे भाताची मूद, त्यावर वरण आणि तूप. "करा सुरुवात," म्हणून मी आत पळाले, कारण पोळी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे. पहिली टम्म फुगली. ल्यूकच्या ताटात टाकली. "थँक्यू मावशी," म्हणाला, हात मांडीवर. दुसरी ऋताला. तिसरी रोझआजींना. चौथी यांना. यांनी घास तोंडात घातला होता आणि इतरांकडे बघून तो गालातच अडकवून ठेवला होता.

कोणीही जेवत नव्हतं.

हिंगाचा वास आवडला नाही की काय? का नावं ठेवता येत नाहीत म्हणून नुसते सभ्यपणे बसलेत? "घ्या ना, गार होतंय," मी म्हटलं.

"आम्ही तुमच्यासाठी थांबलोय," रोझआजी म्हणाल्या.

"छे छे, मी मागून बसते. तुम्ही घ्या."

आत आले, आणखी दोन पोळ्या केल्या, घेऊन गेले. भातावरचं तूप थिजलेलं, पहिल्या पोळ्या कडक व्हायला लागलेल्या, आणि सगळे तसेच. आता मला राग आला. तीन तास राबून रांधायचं आणि यांनी पुतळ्यासारखं बसायचं! शैलाला काय सांगायचं ते मनात जुळायलाही लागलं: माणसं वरून गोड आहेत गं, पण आपल्या अन्नाला हात लावत नाहीत.

"मावशी, तू बस ना," ऋता हळूच म्हणाली.

"मी बसले तर पोळ्या कोण करणार, तुझा बाप?" असं मी तोडून बोलले आणि लगेच जीभ चावली, कारण मेहुणे आता कुठे आहेत.

तेवढ्यात रोझआजी काठी टेकत उठल्या. आत आल्या. शेगडीचं बटण बंद केलं. माझ्या हातातलं लाटणं घेऊन ओट्यावर ठेवलं, माझं मनगट धरलं आणि मला नेऊन टेबलाच्या डोक्याशी, त्यांच्या स्वतःच्या खुर्चीत बसवलं.

"ह्या घरात," त्या म्हणाल्या, "जिनं रांधलं ती बसल्याशिवाय कोणी घास उचलत नाही. पहिला घास तिचा."

"पण गरम पोळी..."

"माझी आई आयुष्यभर चुलीपाशी उभ्यानं जेवली. सगळ्यांचं झाल्यावर, जे उरेल ते. ती गेल्यावर मी हा नियम केला. ल्यूक तीन वर्षांचा असल्यापासून पाळतो."

मी ल्यूककडे बघितलं. तो खरंच माझ्या हाताकडे बघत होता, मी घास कधी उचलते म्हणून. शाळेत घंटेकडे बघणाऱ्या पोरासारखा.

मला काय झालं कोणास ठाऊक. शैला आठवली. अकोल्याला तिच्या सासरी अकरा माणसं होती. एका दिवाळीत मी न कळवता दुपारी गेले होते. तीन वाजले होते, सगळे वामकुक्षी करत होते, आणि शैला ओट्याला टेकून उभ्यानं गार पोळी लोणच्याशी खात होती. भाजी संपली होती. मला बघून तिनं पोळी पाठीमागे लपवली. बावीस वर्षांची होती. आम्ही दोघीही त्यावर कधी बोललो नाही. आणि माझं तरी काय वेगळं? बाहेर मुख्याध्यापिका, घरी यांचं ताट झाल्यावर माझं. श्रूजबरीत सून नोकरीवरून येऊन पोळ्या लाटत होती आणि मी टेबलाशी बसून गरम गरम खात होते, तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं. आता वाटलं. चांगलंच वाटलं.

डोळे भरून आले, ते लपवायचा मी प्रयत्नही केला नाही. घास उचलला. मग सगळे असे तुटून पडले की विचारू नका. पिकनची भरली वांगी रोझआजींनी दोनदा घेतली. पॉपॉच्या बासुंदीचं पातेलं ल्यूकनं चमच्यानं खरवडलं. मधेच हे एकदम उठले, वरणाची वाटी घेऊन माझ्यापाशी आले आणि विचारलं, "तुला वाढू का?" चाळीस वर्षांत पहिल्यांदा! वाढताना अर्धं टेबलावर सांडलं, उरलेल्यात मी भात कालवला. उरलेल्या कणकेच्या पोळ्या ल्यूकनं केल्या. एकही गोल नव्हती.

रविवार

सकाळी आठ वाजता खोलीबाहेरच्या पडवीत बसून मी शैलाला फोन लावला. तिच्याकडे संध्याकाळ. तिनं पहिल्याच रिंगला उचलला, म्हणजे हातातच धरून बसली असणार.

"बघितलंस घर?"

मी रात्रभर पुष्कळ जुळवलं होतं. घर कसं, गाव कसं, मुलाची नोकरी, स्वभाव. पण तिचा आवाज ऐकला आणि सगळं गेलं. मी तिला फक्त जेवणाचं सांगितलं. पोळ्या करत होते, कोणी घास उचलेना, आजीबाईंनी शेगडी बंद केली, मला खुर्चीत बसवलं, आणि सगळे माझ्या पहिल्या घासासाठी थांबले. ऋताच्या सासरचा नियम आहे तसा.

पलीकडून टीव्ही बंद केल्याचा आवाज आला.

"शैला?"

"पोळ्या गार झाल्या असतील गं," ती म्हणाली.

"झाल्या. सगळ्यांनी गारच खाल्ल्या. माझ्याबरोबर."

मग ती म्हणाली, "गार पोळ्या मीही खाल्ल्यात ताई, तीस वर्षं. पण एकटीनं."

मी रडत होते, तीही रडत होती, आणि आमचे हे दारात चहाचे दोन कप घेऊन काय झालं असं खुणेनं विचारत होते.

"तू फोन ठेव," शैला नाक ओढत म्हणाली. "मला आधी ऋताला लावू दे. आणि मग कपाटातून पासपोर्ट काढायचाय."